गेमसाठी प्रोसेसर बदलावा का? पैसे देण्याआधी घरीच करून बघा ही चाचणी



सुट्टी जवळ आली की अनेक घरांत एक मागणी ठरलेली असते. "पप्पा, गेम लॅग होतोय, प्रोसेसर बदलून द्या." सातवी-आठवीतला मुलगा हे इतक्या ठामपणे सांगतो की आपल्याला वाटतं, याला माहीत असेलच. मग पालक शाळेत भेटले की विचारतात, "सर, खरंच बदलायला लागेल का हो?" दुकानदाराला विचारावं तर तो 'नवीनच घ्या' म्हणणार. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ. गेम खेळावा की नाही, हा वेगळा विषय. तो आज नको. ज्या घरात कॉम्प्युटर आहे, मूल गेम खेळतं आणि काही हजार रुपये खर्चायचा प्रश्न समोर आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

लॅग म्हणजे नक्की काय?

मुलं तीन वेगवेगळ्या त्रासांना एकच शब्द वापरतात. पहिला त्रास इंटरनेटचा. चित्र अगदी सुरळीत हलतं, पण खेळाडू पुढे जाऊन एकदम मागे खेचला जातो, किंवा गोळी मारली तरी लागत नाही. हा पिंगचा प्रश्न आहे. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऑनलाइन गेम खेळणाऱ्या मुलाला जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर दिला तरी हे थांबणार नाही.

दुसरा त्रास, पंधरा-वीस मिनिटं गेम छान चालतो आणि मग रखडायला लागतो. तिथे बहुतेक वेळा उष्णता असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मार्च ते जूनमध्ये, धुळीने भरलेल्या पंख्यासह, हे आपल्याकडे सर्रास घडतं. डबा उघडून धूळ काढणं आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलणं, एवढ्यावर काम भागू शकतं. हे आधी करून घ्या.

तिसरा त्रास म्हणजे चित्रच तुटक दिसणं. प्रोसेसरचा प्रश्न आला तर इथे येतो. पण इथेसुद्धा दोषी कोण, हे शोधावं लागतं.

वर्गातलं भित्तिपत्रक

समजा वर्गात भित्तिपत्रकं तयार करायची आहेत. गुरुजी सांगतात, "डावीकडे झाड, झाडाखाली गाय, मागे डोंगर." मुलं चित्र काढून रंगवतात. एक चित्र झालं की लगेच पुढचं. कॉम्प्युटरमध्ये गुरुजी म्हणजे प्रोसेसर. कोण कुठे आहे, कोण धावतंय, गोळी कुठे लागली, हे तो ठरवतो. रंगवणारी मुलं म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात गुरुजींचं सांगणंही व्हायला हवं आणि मुलांचं रंगवणंही.

आता बघा. गुरुजी भराभर सांगतायत पण रंगवणारी मुलं कमी आहेत, तर गुरुजी बदलून काय उपयोग? आणि गुरुजीच अडखळत असतील तर मुलं खडू हातात घेऊन बसून राहतील. तिथे मुलं वाढवून उपयोग नाही. या दोघांत जो मागे पडेल, तो सगळ्या वर्गाचा वेग ठरवतो.

यातूनच चाचणी निघते. कागद लहान केला तर कोणाचं काम कमी होईल? रंगवणाऱ्यांचं. गुरुजींना तेवढंच सांगायचंय, झाड, गाय, डोंगर. कॉम्प्युटरमध्ये कागदाचा आकार म्हणजे रिझोल्यूशन.

चाचणी कशी करायची

मुलालाच करायला सांगा, आपण फक्त शेजारी बसायचं. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि जी एकत्र दाबली की गेम बार उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्सच्या चौकटीत प्रोसेसर, ग्राफिक्स, रॅम यांचा वापर आणि सेकंदाला किती फ्रेम येतात ते दिसतं. गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक बंद करा आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली असेल तर ती काढा, नाहीतर आकडे फसवतात. मग नेहमीच्या रिझोल्यूशनवर, म्हणजे समजा १९२० गुणिले १०८० वर, एकाच ठिकाणी पाच मिनिटं खेळायचं आणि आकडे वहीत लिहायचे. नंतर फक्त रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० करायचं. बाकी काही हलवायचं नाही. त्याच ठिकाणी पुन्हा पाच मिनिटं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण विज्ञानाच्या तासाला सांगतोच की.

समजा आधी ४५ फ्रेम होत्या आणि कागद लहान केल्यावर ७५ झाल्या. म्हणजे रंगवणारे कमी पडत होते, प्रोसेसरला हात लावू नका. उलट ४५ च्या ४७ झाल्या, आणि ग्राफिक्सचा वापर ५०-६० टक्क्यांवरच रेंगाळतोय, तर गुरुजी अडखळतायत. मग मुलाच्या मागणीत तथ्य आहे.

एका आकड्यापासून सावध राहा. बरेच पालक म्हणतात, "प्रोसेसर तर ४० टक्केच वापरला जातोय, मग तो कसा कमी पडेल?" हा आकडा सगळ्या कोअरची सरासरी आहे. चार कोअरपैकी एकच पूर्ण दमला आणि बाकीचे बसून असले तर सरासरी २५ टक्के येते. चौथीच्या मुलालाही जमेल असं गणित. गेममधलं मुख्य काम बऱ्याचदा एकाच कोअरवर पडतं. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती याचं चांगलं उदाहरण आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा बघता येतो.

रॅमही बघून घ्या. आठ जीबीची एकच पट्टी असेल आणि ती भरून वाहत असेल, तर तशीच दुसरी पट्टी बसवणं हा प्रोसेसरपेक्षा सोपा उपाय आहे. दोन पट्ट्या असल्या की दुपदरी रस्ता मिळतो. (जाता जाता: शाळेतले जुने कॉम्प्युटर उघडायलाच पाच मिनिटं घेतात ना, तिथे बऱ्याचदा दोष जुन्या हार्ड डिस्कचा असतो. एसएसडी बसवून बघा.)

यूट्यूबवरचे आलेख

मुलगा मोबाईल पुढे करतो, "बघा, हा प्रोसेसर किती पुढे आहे!" आलेख खोटा नसतो. पण प्रोसेसरची तुलना करणारे लोक मुद्दाम सगळ्यात ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावतात, म्हणजे रंगवणारे कमी पडू नयेत आणि फरक फक्त गुरुजींचा दिसावा. चाचणी म्हणून ते बरोबरच आहे. आपल्या घरात मात्र २०१६ सालचं जीटीएक्स १०५० टीआय असेल, तर नव्या जड गेममध्ये तो फरक दिसणारच नाही. आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ९० फ्रेम आल्या तरी सेकंदाला ६० चित्रंच दिसणार. हेही मोजून ठेवा.

बदलायचा ठरला तर बसेल का?

चाचणीत प्रोसेसरच दोषी निघाला, तरी निर्णय झाला असं नाही. खरा खर्च मदरबोर्ड ठरवतो. लॅपटॉप असेल तर विषय इथेच संपला. गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डवर कायमचा जोडलेला असतो.

डेस्कटॉपची दोन उदाहरणं घेऊ. एका घरात रायझन ३ १२०० आणि बी४५० बोर्ड आहे, सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड. या बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो. चार कोअरच्या जागी सहा कोअर आणि बारा थ्रेड, शिवाय प्रत्येक कोअर बराच वेगवान. दोन्ही ६५ वॉटचे, त्यामुळे पॉवर सप्लायवर नवा भार फारसा नाही. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बोर्डचं बायोस अपडेट करून घ्यायचं. आधी प्रोसेसर बदलला तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही अशी शक्यता असते. चाचणीत प्रोसेसर दोषी निघाला असेल तर इथे मी पालकांना बिनधास्त 'करा' म्हणेन.

पण जुना प्रोसेसर रायझन ३ ३२००जी असेल आणि वेगळं कार्ड नसेल तर थांबा. त्या 'जी'चा अर्थ ग्राफिक्स आतच आहे. ५६०० मध्ये ते नाही. तो बसवला तर पडदा काळाच राहील! शिवाय अशा कॉम्प्युटरमध्ये बहुतेक वेळा कमी पडतं ते ग्राफिक्सच.

दुसऱ्या घरात इंटेलचा सातव्या पिढीचा आय५-७४०० आहे, चार कोअर, चार थ्रेड. आठव्या पिढीच्या सॉकेटचं नावही तेच, एलजीए ११५१. म्हणून मुलाला वाटतं बसेल. त्या जुन्या बोर्डवर तो चालत नाही. म्हणजे बोर्डही बदला. त्याच बोर्डवर बसणारा जुना आय७-७७०० सेकंडहँड मिळतो, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तोही नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गेमची सेटिंग थोडी खाली आणा, सावल्या आणि लांबवरचं दृश्य कमी करा (लांबवरच्या दृश्याने गुरुजींचंही काम हलकं होतं), आणि पैसे पुढच्या पूर्ण बदलासाठी साठवा.

सेकंडहँड बाजारात 'आय७ आहे साहेब' हे वाक्य फार ऐकू येतं. २०१२ सालचा आय७-३७७० आणि २०२२ सालचा आय३-१२१००, दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. नावाने पहिला मोठा, पण गेममध्ये दुसरा सहज पुढे. आय३, आय५, आय७ हे एकाच पिढीतल्या भावंडांचे क्रम आहेत, वेगवेगळ्या पिढ्यांची तुलना त्यावरून होत नाही. पिढी ओळखायला डॅशनंतरचे आकडे बघा: ३७७० म्हणजे तिसरी, १२१०० म्हणजे बारावी.

म्हणून दुकानात जाताना मुलाच्या हातात ती वही द्या. त्यात दोन्ही रिझोल्यूशनचे फ्रेम, ग्राफिक्सचा वापर, मदरबोर्डचं पूर्ण नाव, रॅमच्या किती पट्ट्या, पॉवर सप्लाय किती वॉटचा आणि मॉनिटर किती हर्ट्झचा, एवढं लिहिलेलं असू द्या. दुकानदाराशी मुलालाच बोलू द्या, आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो प्रोसेसर आहे का, हे पैसे देण्याआधी त्यालाच शोधून दाखवायला सांगा.