टेम्सचा ऑक्सिजन

१८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की लंडनच्या संसदेचे पडदे क्लोराइडयुक्त चुन्याच्या पाण्यात भिजवावे लागले. त्याआधी कॉलऱ्याने हजारो माणसं दगावली होती. तरी गटारांसाठी पैसा मंजूर झाला तो या दुर्गंधीनंतर, ही खंत राहतेच.

अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी सुमारे १३० किलोमीटर मुख्य गटारं बांधली. कॉलरा हटला, पण सांडपाणी शुद्ध न करता पूर्वेला नेऊन नदीतच सोडलं जाई. घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरतात. १९५७मध्ये लंडनमधली टेम्स जैविकदृष्ट्या मृत ठरली. शुद्धीकरण केंद्रं सुधारल्यावर १९७४मध्ये टेम्समध्ये सॅमन मासा सापडला. पुढे जोरदार पावसात नदीत येणाऱ्या सांडपाण्याने ऑक्सिजन घसरला, की तो नदीत सोडणाऱ्या खास नौकाही आल्या.