‘इंद्रजाल’मधील वेताळ : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक वाचन

मराठी वाङ्मयाच्या अध्यापनात चित्रकथेला फारसे स्थान मिळालेले नाही. त्यामुळे ‘इंद्रजाल कॉमिक्स’विषयी जे बोलले जाते, ते बहुधा बालपणाच्या आठवणींच्या पातळीवरच राहते. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आदी भाषांतून निघणाऱ्या या अंकांचा प्रमुख नायक वेताळ होता. या नायकाची घडण कशी झाली आणि सातारा-सांगलीच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहिल्यास तो कसा दिसतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वेताळाचे मूळ ‘फँटम’ हे पात्र होय. ली फॉक यांनी निर्मिलेली ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकी वृत्तपत्रांतून सुरू झाली. आरंभीची चित्रे रे मूर यांची होती. सुपरमॅन त्यानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये अवतरला. तथापि फँटमजवळ कोणतीही अलौकिक शक्ती नाही. त्याचे पूर्वज लगद्याच्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या आणि त्यामुळेच ‘पल्प’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कथामासिकांत सापडतात. टारझन (१९१२) व झोरो (१९१९) हे तेथलेच. ‘द शॅडो’ हे मासिक १९३१ चे. एकाकी वीर, गुप्त ओळख, मुखवटा, कायद्याच्या बाहेर राहून केलेला न्याय ही सारी सामग्री तेथे तयार होती. फॉक यांनी तिला वंशपरंपरेची जोड दिली. १५३६ मध्ये चाच्यांनी मारलेल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून पुत्राने शपथ घेतली. तेव्हापासून प्रत्येक पिढीतील पुत्र तोच पोशाख चढवतो, आणि म्हणून लोक त्याला अमर मानतात. कथेतील नायक या परंपरेतील एकविसावा आहे. मराठीत याच सुमारास बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड जवळपास हेच कार्य शब्दांतून करीत होते. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाला समीक्षेने दिलेली जागा मात्र अत्यल्प आहे.

‘इंद्रजाल’ने या परकीय नायकाला भारतीय वाचकासमोर आणताना जे फेरफार केले, ते विशेष अभ्यसनीय आहेत. मूळ कथेतील ‘बंगाला’ हा देश बंगालची आठवण करून देणारा होता. भारतीय आवृत्तीत तो ‘डेंकाली’ झाला. मूळच्या ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले. आक्षेप टाळण्याची व्यावहारिक गरज यामागे असावी. पण याहून मोठा बदल नावाचा होता. ‘फँटम’ म्हणजे केवळ भूत. मराठी वाचकाच्या मनातील वेताळ हा भूतांचा अधिपती आणि गावाचा राखणदारही आहे. गावकुसाबाहेर शेंदूर फासलेला त्याचा पाषाण असतो, अमावास्येला त्याची पालखी निघते अशी समजूत असते. पश्चिम महाराष्ट्रातील अशा दैवतांकडे दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. एका शब्दाच्या निवडीने आफ्रिकेच्या रानातील गोरा नायक गावाच्या शिवेवरचा राखणदार झाला. अनुवादाची ही किमया खरीच. परंतु तिने एक गोष्ट झाकलीही. काळ्या लोकांच्या प्रदेशात शांतता राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक गोरा पुरुषच लागतो, हे मूळ कथेचे गृहीतक ‘वेताळ’ या नावाखाली दृष्टीआड होते.

हे गृहीतक सातारा-सांगलीत वाचले जाणे हा इतिहासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्यापूर्वीच्या अखंड सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चालले. लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ म्हटले. त्याची न्यायदान मंडळे होती, गावगुंड, दरोडेखोर व जुलमी सावकार यांना शासन होते, आणि तुफान सेना हे सशस्त्र दल होते. ७ जून १९४३ रोजी या दलाने शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. त्या मोहिमेतील रामचंद्र श्रीपती लाड पुढे ‘कॅप्टन भाऊ’ म्हणून ओळखले गेले. हे नाव एखाद्या चित्रकथेच्या मुखपृष्ठावर सहज शोभले असते! परंतु येथे मुखवटा नव्हता. भूमिगतांना लपवणारे गाव हेच त्यांचे आवरण होते. वेताळाचा न्याय रक्ताच्या वारशाने चालतो आणि कधी संपत नाही. प्रतिसरकारचा न्याय सामूहिक होता, आणि १९४६ मध्ये त्याचे काम थांबले.

‘इंद्रजाल’च्या पानांवर या दुसऱ्या प्रकारच्या नायकाच्या जवळ जाणारे पात्र १९७६ मध्ये आले. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारलेला ‘बहादूर’ हा एका डाकूचा मुलगा. तो कुर्ता आणि जीन्स घालतो, मुखवटा घालत नाही आणि चंबळच्या परिसरात गावकऱ्यांचे नागरिक सुरक्षा दल उभारतो. दरोडेखोरांविरुद्ध गावाने स्वतः उभे राहावे ही कल्पना तुफान सेनेच्या मुलखात नवी नव्हती. या दोहोंत प्रत्यक्ष संबंध होता असे सुचवण्याचे कारण नाही. तथापि वेताळापेक्षा बहादूर या मातीला जवळचा ठरतो, हे मान्य करावे लागेल. गतकाळच्या आठवणींत मात्र वेताळच अधिक टिकला. रंग, कवटीची अंगठी, गुहा यांचे आकर्षण तर्काला जुमानत नाही.

अशा आठवणींचा डोळस उपयोग कसा करता येतो, याचे उदाहरण अॅलन मूर व ख्रिस स्प्राउझ यांच्या ‘टॉम स्ट्राँग’ (१९९९-२००६) या मालिकेत मिळते. पल्प युगातील विज्ञानवीराचा सारा थाट, बोलका गोरिला व वाफेवर चालणारा यंत्रमानव यांसह, तेथे प्रेमाने पुन्हा मांडला आहे. पण नायक ज्या बेटावर वाढतो, तेथील कन्या धालुआ ही त्याची पत्नी आणि मोहिमांतील बरोबरीची सहकारी आहे. जुन्या साच्यातील दोष पूर्णपणे गेला असे नव्हे, मात्र तो लेखकाला दिसलेला आहे. अशा पुनर्लेखनासाठी मूळ साहित्य हाताशी असावे लागते.

मराठी ‘इंद्रजाल’च्या बाबतीत अडचण येथेच आहे. ग्रंथालयात नियतकालिके सामान्यतः बांधणी झाल्याखेरीज दाखलनोंदवहीत चढत नाहीत, आणि चित्रकथांचे अंक बांधून घेण्याची तसदी क्वचितच घेतली गेली. रहस्यकथांची गतही फारशी निराळी नाही. नोंदवलेले ग्रंथही सुरक्षित असतात असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयातील हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. त्यांची निदान यादी तरी करता येते. जे अंक नोंदवहीत चढलेच नाहीत, ते रद्दीत केव्हा गेले हेही सांगता येत नाही. जुने अंक सांभाळणारे खासगी संग्राहक आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी त्यांच्याकडील मराठी अंकांची सूची करण्यापासून आरंभ केला, तर त्याला मोठा खर्च येणार नाही.