मालमोटारीची नोकरी आणि संसार

सौंसरच्या परिसरात संत्र्याचा हंगाम आला म्हणजे बागांच्या वाटेवर मालमोटारी दिसू लागतात. घरच्या शेतीवर भागत नाही, आणि ट्रकवर गेलेला शेजारी मात्र रोख पैसा आणतो, असे पाहून आमच्या तरुणांचे मन तिकडे ओढ घेते. गावचे स्थानही त्यास अनुकूल आहे. नागपूर येथून अवघे साठ-पासष्ट किलोमीटर. आणि श्रीनगर ते कन्याकुमारी व हजिरा ते पारादीप हे दोन राष्ट्रीय महामार्ग त्याच शहरी एकमेकांस मिळतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडी चालविण्यास वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे ज्या वयात हा धंदा खुला होतो, त्याच सुमारास घरात लग्नाच्या गोष्टी निघू लागतात. म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे इष्ट, असे आम्हांस वाटते.

प्रथम दिवसांचा हिशेब मांडू या. नागपूर ते दिल्ली हे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ताशी सरासरी ४० किलोमीटर व दिवसाला ८ तास धरले, तर एका बाजूस तीन दिवसांहून अधिक लागतात. पुढे माल उतरविणे, परतीचे भाडे मिळेपर्यंत थांबणे आणि परतीची वाट! एक फेरी आठ-नऊ दिवसांची झाली व महिन्यात अशा तीन झाल्या, तर घरच्या वाट्यास उरतात तीन ते सहा दिवस.

फेरीवर मोबदला मिळत असला म्हणजे हे दिवस वाचविण्याचा मोह होतो. आणि ते वाचतात ते झोपेतून. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि एक सुटीचा दिवस अशी सर्वसाधारण मर्यादा घातली होती, ती उगीच नव्हे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या जड ट्रकांत चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले, हेही स्तुत्य होय. परंतु केबिन कितीही सुखाची झाली, तरी घर जवळ येत नाही.

घरी राहिलेल्या पत्नीचा भार कोण मोजतो? म्हाताऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा, बागेचे पाणी, सावकाराचा तगादा, सारे तिने एकटीने निभवायचे. आता रोज फोनवर बोलता येते, ही सोय मोठीच. पण तापाने फणफणलेल्या लेकराला मध्यरात्री दवाखान्यात फोन नेत नाही.

याचा अर्थ हा व्यवसाय हीन आहे, असा मुळीच नव्हे. देशाचे धान्य, औषध आणि कापड याच माणसांच्या श्रमाने दारी येते. याच मिळकतीवर घरे बांधून मुलींना शिकविणारे चालक गावोगाव आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, तुलना खरी असावी. रस्त्यावरचे जेवणखाण, आजारपण व खाडे वजा जाता हाती काय उरते ते पाहावे; मग बोरगावच्या कारखान्यांतील नोकरी, किंवा रात्री घरी परतता येईल अशी नागपूर-छिंदवाड्याची जवळची गाडी, यांच्याशी ते ताडून पाहावे. कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेणाऱ्याने तर अधिकच जपावे. कारण हप्त्याला पोळा-दिवाळी कळत नाही.

आणि हा निर्णय एकट्याने घेऊ नये. सोयरीक ठरण्यापूर्वीच मुलीला महिन्यातले घरचे दिवस स्पष्ट सांगावे. लग्न झालेले असल्यास पतिपत्नींनी मिळून ठरवावे: किती वर्षे हे काम करावयाचे, कोणते दिवस घरासाठी राखावयाचे. ते दिवस मालकालाही आधीच कळवावे. मुले लहान असतील, तर थोडी कमी मिळकत पत्करून जवळची गाडी धरावी. लांबची वाट पुढेही मोकळी असते, मुलांचे बालपण मात्र थांबून राहत नाही.