घरची नानकटाई : कशी आणि किती

चिंचपाड्यातील एक सेवानिवृत्त गुरुजी माझ्याकडे मधुमेहाच्या तपासणीसाठी येतात. एकदा दिवाळीनंतर त्यांची साखर एकदम वाढलेली आढळली. विचारले, तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बेकरीचे खाऊ नका असे तुम्हीच सांगितलेत. तेव्हापासून सूनबाई घरीच नानकटाई करते. साजूक तुपातली, दाणे घालून." सकाळी चार, संध्याकाळी चार! चूक माझीच. काय टाळायचे ते मी सांगितले, घरच्याचे प्रमाण सांगायचे राहून गेले.

नानकटाई मूळची सुरतेची. तिथल्या डचांची भट्टी एका पारशी कामगाराकडे आली आणि त्यातून हा पदार्थ निघाला, अशी कथा सांगतात. आपले गाव सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, त्यामुळे तिकडून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत तिचा पुडा असायचाच.

घरी करायची तर ५० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम थिजलेले तूप, ६० ग्रॅम पिठीसाखर, भाजलेल्या शेंगदाण्यांचे ४० ग्रॅम भरड कूट आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घ्यावा. तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसून बाकीचे त्यात मिसळावे. पाण्याचा थेंबही घालू नये. पिठाच्या कणांवर तुपाचा लेप बसला की पीठ चिवट होत नाही, म्हणून नानकटाई खुसखुशीत होते. सोळा गोळे करून थोडे चपटे करावेत. जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून त्यावर जाळी ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे. मग गोळ्यांची थाळी जाळीवर ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे. गरम असताना नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजत बसू नये, निवल्यावर ती कडक होते.

आता हिशेब. अशा एका नानकटाईत सुमारे ८५ उष्मांक, म्हणजे जवळजवळ एका लहान पोळीइतके. त्यात पाऊण चमचा साखर आणि तितकेच तूप. गुरुजी जेवणाव्यतिरिक्त रोज आठ पोळ्यांइतके खात होते!

तुपाऐवजी वनस्पती तूप घालावे का, असे पुष्कळजणी विचारतात. तेल घट्ट करताना त्यात तयार होणारी ट्रान्स चरबी रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगले कमी करते. २०२२ पासून आपल्या देशात अशा तेला-तुपांत तिचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असू नये असा नियम आहे. तरी मी साजूक तूपच सुचवीन, पण मोजून. हृदयविकार असलेल्यांनी तेही बेतानेच खावे.

मला खरी काळजी वाटते ती दाण्यांची. आपल्याकडचा पावसाळा दमट. शेंगा नीट वाळल्या नाहीत, पोते ओल्या भिंतीला टेकले, की दाण्यांना बुरशी धरते. तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते यकृतावर घाला घालते. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. ती आपल्यासारख्याच आदिवासी पट्ट्यातील होती. म्हणून दाणे आधी सुपात घेऊन निवडावेत. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे टाकून द्यावेत. "कुटात काय कळतंय" म्हणून खराब दाणे कुटात ढकलण्याची सवय अनेक घरांत आहे. ती मोडायला हवी. कोंबड्यांनाही ते घालू नयेत.

लहान मुलांसाठी कूट बारीक करावे, अख्खा किंवा अर्धा दाणा नको. तो श्वासनलिकेत अडकतो. कोणाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठत असतील, तर दाणे न घालता वेगळा घाणा करावा.

नानकटाई पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस चांगली राहते. खवट वास आला तर फेकून द्यावी.

गुरुजींना आता दिवसाला एक ठरवून दिली आहे, तीही जेवणातली एक पोळी कमी करून. उरलेल्या नातवंडांच्या वाट्याला जातात. डब्याची किल्ली सूनबाईकडे आहे, असे ते तक्रारीच्या सुरात सांगत होते.