विवरणपत्राचाही वाफसा साधा!

शेतकरी बंधूंनो, शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. पण दूध, कोंबड्या, ठेवीचं व्याज, पगार यांचं तसं नाही. वाफसा आला की पेरणीला एक दिवस न दवडणारे आपण विवरणपत्र मात्र शेवटच्या तारखेवर ढकलतो. १५ सप्टेंबर २०२५ला शेवटच्या दिवशी संकेतस्थळ अडखळलं. मीही तालुक्याला रात्रीपर्यंत ताटकळलो. मुदत वाढली ती एकच दिवस! दरवर्षी वाढेलच असं नाही. ज्यांना भरणं बंधनकारक आहे, त्यांना उशिरा भरल्यास एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि त्यावर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क. थकीत करावर व्याज वेगळं. तेव्हा डेअरीचा हिशेब, पासबुक, पॅन, आधार आजच एका पिशवीत घाला. भरल्यावर ३० दिवसांत पडताळणीही करा. नाहीतर पेरून राखण न केल्यासारखं व्हायचं.