चित्रं वाचणारी मुलं

नागपूरकरांनो, सुट्टीत मुलांना घेऊन गोव्याला जाणार असाल, तर समुद्रासोबत पणजीतलं ‘बुकवर्म’ही पाहून या. २००५ साली सुजाता नरोन्हा आणि एलेन मेंडोन्सा यांनी सुरू केलेलं हे मुलांचं ग्रंथालय. नरोन्हा आता इतर ग्रंथपालांनाही शिकवतात. मुलांचा ग्रंथपाल फक्त पुस्तकांची नोंद करत नाही, तो वाचून दाखवतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

चित्रपुस्तक वाचून दाखवायची एक रीत असते. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, बोट चित्रावर येऊ द्यायचं नाही आणि पान उलटायची घाई करायची नाही. कोपऱ्यातली मांजर मुलांना आधी दिसते, आपल्याला नंतर!

मराठीत सुरुवात करायची तर माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ घ्या. चित्र पाहून मुलांनी स्वतः बोलावं, यासाठीच ते आहे. लेखन आणि चित्रं दोन्ही करणाऱ्या पुरंदरेंना २०१६ साली पहिला ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही हे पुस्तक खुशाल द्या.

आपल्या वस्तीतल्या वाचनालयात चित्रपुस्तकं मुलांच्या हाताला लागतील अशा खालच्या फळीवर आहेत का, एकदा बघा. नसतील तर ग्रंथपालांना सांगा.