मंत्रचळाचे मेंदूतले चक्र

मंत्रचळ हा मराठीतला जुना शब्द. मंत्रसाधनेत चूक झाल्याने लागलेले वेड, असा त्याचा मूळ अर्थ सांगितला जातो. मानसोपचारतज्ज्ञ ज्याला ओसीडी म्हणतात, त्या विकारासाठी आता हाच शब्द रुळला आहे. नकोसा विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो, जीव कासावीस होतो आणि तो शांत करण्यासाठी एखादी कृती करावीच लागते. हात धुणे, कुलूप ओढून पाहणे, गॅसचा नॉब तपासणे, आकडे मोजणे ही त्याची नेहमीची रूपे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांची पाहणी झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण पाहणी झालेल्या राज्यांत सुमारे ०.८ टक्के प्रौढांना हा विकार आढळला.

नीटनेटकेपणा, सोवळेओवळे किंवा नेमनिष्ठा म्हणजे मंत्रचळ नाही. नाशिकला रामकुंडावर स्नानाला आलेला भाविक स्नान उरकून, कपडे बदलून देवदर्शनाला जातो; विधी पुरा झाल्याचे त्याला समाधान असते. मंत्रचळात ‘झाले’ ही जाणीवच पटत नाही. हात स्वच्छ दिसतात, तरी ते धुण्याची ओढ सुटत नाही. ही जाणीव मेंदूत कुठे अडते, याचा शोध गेली चार दशके मेंदूच्या प्रतिमांमधून घेतला जात आहे.

त्यातला एक पायाभूत अभ्यास १९८७चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १४ रुग्णांचे पेट स्कॅन केले. या तपासणीत किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून देतात; मेंदूचा जो भाग जास्त काम करतो, तो ती जास्त ओढून घेतो. रुग्णांमध्ये डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवर असलेले कॉडेट केंद्रक जास्त सक्रिय दिसले.

हे दोन्ही भाग एकाच चक्रात जोडलेले आहेत. पुढचा भाग धोका किंवा चूक हेरतो. संदेश कॉडेटकडे, तिथून पॅलिडम या केंद्रकाकडे, मग थॅलॅमसकडे आणि पुन्हा पुढच्या भागाकडे येतो. या चक्रात एक वाट संदेशाला चालना देते, दुसरी त्याला आवर घालते. मंत्रचळात आवर घालणारी वाट कमी पडते आणि ‘काहीतरी चुकले आहे’ हा संदेश फिरतच राहतो, असे संशोधकांचे प्रचलित स्पष्टीकरण आहे.

१९९२मध्ये बॅक्स्टर यांच्याच गटाने उपचारांआधी आणि नंतर स्कॅन केले. ९ रुग्णांना फ्लुऑक्सेटिन हे औषध दिले होते. दुसऱ्या ९ जणांवर केवळ वर्तनोपचार केले होते. या उपचारांत रुग्णाला भीतीच्या गोष्टीला सामोरे जायला लावून नेहमीची कृती टाळायला शिकवतात. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला, त्यांच्या उजव्या कॉडेटची क्रिया मंदावलेली दिसली. गोळी आणि सराव यांचे रस्ते वेगळे असले, तरी दोन्हींचा परिणाम मेंदूत एकाच ठिकाणी पोचल्याचे यातून दिसले.

मात्र हे अभ्यास छोटे होते. म्हणून जगभरच्या संस्थांनी आपले एमआरआय ‘एनिग्मा’ या प्रकल्पात एकत्र केले. बंगळूरची निम्हान्स संस्थाही त्यात आहे. २०१७मध्ये १,८३० रुग्ण आणि १,७५९ निरोगी व्यक्तींची तुलना झाली. प्रौढ रुग्णांत हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशी निगडित भाग थोडा लहान आणि पॅलिडम थोडे मोठे आढळले. औषध न घेतलेल्या मुलांत थॅलॅमस मोठा होता. प्रौढांमधले फरक औषध घेणाऱ्यांत अधिक ठळक होते. त्यामुळे विकाराचा परिणाम कोणता आणि औषधाचा कोणता, हा गुंता उरला. तो सोडवण्यासाठी भारत, ब्राझील, नेदरलँड्स, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका या पाच देशांतल्या अभ्यासात औषध न घेणारे रुग्ण निवडले गेले. भारतातले केंद्र निम्हान्सच होते.

हे सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. २०२०मध्ये एनिग्मातल्या २,३०४ रुग्णांचे आणि २,०६८ निरोगी व्यक्तींचे स्कॅन संगणकाला दिले गेले. नव्या केंद्रातले स्कॅन रुग्णाचे की निरोगी व्यक्तीचे, हे ओळखताना त्याचा अंदाज नाणेफेकीपेक्षा सरस ठरला नाही. म्हणून नाशिक असो वा न्यूयॉर्क, एमआरआय काढून मंत्रचळाचे निदान करता येत नाही. लक्षणे वेगळ्याच आजाराची वाटली, तर डॉक्टर स्कॅन सांगतात. निदान मुलाखतीतूनच होते आणि तीव्रता येल-ब्राउन मापनपट्टीच्या १० प्रश्नांतून ० ते ४० गुणांत मोजतात.

उपचारांना मात्र या नकाशाचा उपयोग झाला. कवटीबाहेरून चुंबकीय लहरी देऊन या चक्राशी निगडित भागांना चेतवणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८मध्ये परवानगी दिली. कशानेच गुण न येणाऱ्या मोजक्या रुग्णांच्या मेंदूत खोल तारा बसवून सौम्य विद्युतप्रवाह देतात. मुंबईच्या जसलोक रुग्णालयातही असे उपचार झाले आहेत. भारतात मानसिक आजारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करायची, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाची संमती आणि त्या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी दोन्ही लागतात. बहुतेकांसाठी पहिला उपाय अजूनही वर्तनोपचार आणि औषधे हाच आहे.